हाडातलं शिसं मोजताना प्लास्टर कुठे फसवतं: या चुका टाळा

जुन्या बॅटऱ्या वितळवायच्या भट्टीवर वीस वर्षं राबून घरी बसलेल्या माणसाचं रक्त तपासलं, तर शिसं बरंच उतरलेलं दिसतं. रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य (ते निम्मं व्हायला लागणारा काळ) जेमतेम महिन्याभराचं. पण प्रौढाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि नडगीत ते वर्षानुवर्षं मुरून राहतं. म्हणून नडगीसमोर कॅडमिअम-१०९ चा किरणोत्सारी स्रोत धरून एक्स-रे फ्लुरोसन्सने ते मोजतात, म्हणजे किरण पडल्यावर शिसं स्वतःचे जे एक्स-रे सोडतं ते मोजतात. मी मिरजेत या मोजणीच्या कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे यंत्राचे आकडे पडताळायला, ठरावीक शिसं मिसळलेले प्लास्टरचे ठोकळे (फॅण्टम) ओततो आणि स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याचा आलेख, तपासतो. बहुतेक चुका यंत्रात नसतात, ठोकळ्यात असतात.

पहिली चूक वजनाची. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी ओढून घट्ट होतं, तेव्हा १०० ग्रॅम पावडरीचे जवळपास ११९ ग्रॅम होतात. शिशाचं प्रमाण पावडरीच्या वजनावर काढलंत, तर ते खऱ्यापेक्षा एकोणीस टक्के जास्त धरलं जातं. प्रमाण वाळलेल्या ठोकळ्याच्या वजनावरच काढा. आपल्याकडे कृष्णाकाठच्या पावसाळ्यात हे आणखी अवघड होतं. गणपतीच्या मूर्तींसाठी आलेल्या पोत्याचं तोंड उघडं राहिलं की पावडर आधीच ओल धरते. श्रावणात ओतलेला माझा एक पूर्ण संच वाळायच्या आत मोजला गेला आणि बाद करावा लागला. आता मी चाळिसेक अंशांवर वाळवतो आणि सलग तीन दिवस वजन तेच आलं तरच मोजतो. घाईने भट्टीत टाकू नका, प्लास्टरमधलं स्फटिकजलच उडून जातं.

शिशाचा नायट्रेट पाण्यात विरघळवून मिसळला, तरी प्लास्टरमधल्या सल्फेटशी गाठ पडताच शिसं न विरघळणारं सल्फेट बनून गुठळ्या धरतं. ठोकळा फिरवून तीन-चार बाजूंनी मोजा. आकडे जुळले नाहीत तर तो ठोकळा वापरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. स्पेक्ट्रममधल्या शिशाच्या शिखराला ८८ केईव्हीच्या (केईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) कोहेरंट शिखराने, म्हणजे स्रोताचे जे किरण ऊर्जा न गमावता विखुरतात त्यांच्या शिखराने, भागायचं आणि ते गुणोत्तर मिसळलेल्या शिशासमोर आलेखावर मांडायचं. त्यामुळे त्वचेची जाडी आणि अंतर यांचा परिणाम बराचसा कटतो. पण रेषा शून्यातून जात नाही, आणि इथे लोक दोन टोकांना जातात. कोणी ती जबरदस्तीने शून्यातून ओढतात, मग उतारच बिघडतो. कोणी आलेला अंतःखंड, म्हणजे मिसळलेलं शिसं शून्य असताना रेषा दाखवते तो आकडा, डोळे मिटून माणसाच्या मोजणीतून वजा करतात. तो अंतःखंड प्लास्टरमध्ये आधीपासून असलेल्या शिशाचा असेल, तर माणसाच्या पायात ते प्लास्टर नाही! प्रत्येकाचं हाड तेवढंच कमी शिशाचं दिसू लागतं. उलट तो यंत्राच्या कवचातल्या किंवा कोलिमेटरमधल्या (किरणांना दिशा देणाऱ्या भागातल्या) शिशाचा असेल, तर वजा करायलाच हवा. ओळखायचं कसं? शिसं नसलेला ॲक्रिलिकचा ठोकळा समोर ठेवून मोजा. तिथेही शिखर दिसलं तर दोष यंत्राचा. नाहीतर ७२.८ आणि ७५ केईव्हीच्या अल्फा रेषा आणि ८४.९ ची बीटा रेषा (ही शिशाचीच एक्स-रे शिखरं) यांचे अंतःखंड किती शिशाएवढे होतात ते काढून पाहा. दोन्हींकडून एकच आकडा आला तर प्लास्टरचं शिसं. वेगळे आले तर शिखर बसवण्यातच गडबड, कारण ८४ च्या आसपास कॅल्शिअममुळे पार्श्वभूमीला पायरी पडते.

प्लास्टर म्हणजे हाड नव्हे, हेही विसरतात. हाडाचं खनिज ग्रॅमागणिक जास्त कोहेरंट विखुरण करतं, म्हणून प्लास्टरच्या रेषेवरून आलेलं प्रमाण साधारण १.४६ ने गुणावं लागतं. हा गुणक विखुरण्याच्या कोनावर अवलंबून असतो, दुसऱ्या मांडणीचा आंधळेपणाने घेऊ नका. उत्तर लिहिताना एकक लिहा: हाडाच्या खनिजाच्या प्रत्येक ग्रॅममागे मायक्रोग्रॅम.

स्रोताचं अर्धायुष्य सुमारे ४६२ दिवस आहे. गुणोत्तर त्याने हलत नाही, पण किरण कमी होत गेल्याने अनिश्चितता वाढते. मोजणीची वेळ वाढवा.

आणि उणे आकडे पुसू नका. कमी शिसं असलेल्या माणसाच्या मोजणीत कधी उणे उत्तर येतं, ते चूक नसतं. त्याजागी शून्य लिहिलंत तर गटाची सरासरी वर सरकते. आलेला आकडा त्याच्या अनिश्चिततेसकट नोंदवा, आणि सरासरी काढताना ज्याची अनिश्चितता कमी त्याला जास्त भार द्या.