हाताला सुटलेली खाज: या चुका टाळा

हात खाजायला लागले की घरात पहिला संशय पोटावर आणि रक्तावर जातो. उष्णता झाली, रक्त बिघडलं, असं म्हणून वांगं बंद होतं आणि सकाळी उठून कडुनिंबाचा रस सुरू होतो. तेच हात मात्र दिवसातून तीनदा भांड्यांच्या साबणात जातच असतात. घरकाम करणाऱ्या हातांची खाज बहुतेक वेळा बाहेरून आलेली असते. म्हणून काय लावू हे विचारण्याआधी हाताला दिवसभरात काय काय लागतं ते बघा.

साबण संपला तरी साबण उरतो

त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास. आपल्या नेहमीच्या साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० असतो, म्हणजे ती उलट, अल्कधर्मी. शिवाय साबणाचं कामच तेलकटपणा काढायचं. कढईचं तेल आणि कातडीचं तेल यातला फरक त्याला कळत नाही. ते संरक्षक तेल गेलं की कातडी कोरडी पडते, भेगा पडतात आणि मग चिंच, मिरची, कांदा, सगळंच आत शिरून चुरचुरतं. यालाच हाताचं इसब म्हणतात.

इथे पहिली चूक अंगठीची. साबणाचं पाणी अंगठीखाली साचतं आणि दिवसभर तिथेच राहतं. बऱ्याच जणींचं इसब अंगठीच्या खालच्या चट्ट्यापासूनच सुरू होतं आणि दोष सोन्यातल्या भेसळीवर येतो. भांड्यांना बसताना अंगठी काढून ठेवा. दुसरी चूक, पदराला घाईघाईने हात पुसून पुढच्या कामाला लागणं. बोटांच्या बेचक्या ओल्याच राहतात. तिसरी, कढत पाण्यात हात धरणं. त्याने खाज थोडा वेळ थांबते, बरंही वाटतं, पण तेल आणखी निघून जातं आणि नंतर खाज दुपटीने येते.

रबरी हातमोजे चांगलेच, पण ते वापरतानाही गफलत होते. ओल्या हातावर मोजे चढवले, किंवा मोज्यात साबणाचं पाणी शिरलं आणि तसंच काम रेटलं, तर ते मोजे नसण्यापेक्षा वाईट. आतून पातळ सुती मोजे घाला, घामाने ओले झाले की बदला, आणि भोक पडलेला मोजा टाकून द्या. चार घरची भांडी करणाऱ्या मावशींना मोजे त्या त्या घराने आणून द्यावेत. हा खर्च त्यांच्या पगारातून व्हायची गरज नाही.

डाव्या हाताची तीन बोटं

एकदा हात उजेडात धरून नीट बघा. डाव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, या तिघांचीच टोकं कोरडी, सोललेली, चिरा पडलेली आहेत आणि उजवा हात जवळपास ठीक आहे? तर संशयित लसूण आहे. उजव्या हाताने काम करणारा माणूस पाकळी डाव्या हाताच्या याच बोटांत धरतो आणि सुरी उजव्या हातात. डावखुऱ्यांचं उलट. ही बोटं इतकी गुळगुळीत होतात की रेशनच्या दुकानातलं यंत्र अंगठा घेत नाही, आणि बाई बिचारी सर्व्हर डाउन समजून परत येते.

लसणातल्या डायअलाइल डायसल्फाइड या गंधकयुक्त द्रव्याची काहींना ॲलर्जी होते. एकदा झाली की ती सहसा जन्माची. इथे मोज्यांचा फारसा उपयोग नाही, कारण हे द्रव्य नेहमीच्या रबरी मोज्यांतून आरपार जातं. लोक प्रामाणिकपणे मोजे घालून लसूण सोलतात, बोटं तशीच राहतात, आणि मग ‘लसणाचा काही संबंध नव्हता’ असा निष्कर्ष निघतो. लसूण सोलायचं आणि चिरायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या, निदान बोटं भरून येईपर्यंत. ठेचा आणि लोणच्याच्या दिवसांत तर नक्कीच.

अळू, सुरण यांची खाज वेगळी. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते कातडीत टोचतात. ती कुणालाही येते आणि तासाभरात बहुधा ओसरते. चिरण्याआधी हाताला तेल चोळायची पद्धत याचसाठी आहे.

‘खाजेवर काहीतरी द्या’

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज ऐकू येतं. बाई तळहात पुढे करते, समोरचा हाताकडे न बघताच मागच्या खणातून ट्यूब काढतो. बहुतेक वेळा त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक असं तिन्ही एकत्र असतं. दोन दिवसांत खाज गायब होते, म्हणून तीच ट्यूब शेजारणीलाही सांगितली जाते. पण मूळ त्रास नायट्याचा असेल तर स्टेरॉइडने बुरशी आणखी पसरते, खरूज असेल तर ती झाकली जाते, आणि महिनोन्‌महिने लावलं तर हाताच्या पाठीची कातडी पातळ होते. अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. काउंटरवरचा अनुभव तुम्हाला माहीत आहेच.

याची उलटी चूकही तेवढीच होते. त्वचारोगतज्ज्ञांनी नीट बघून स्टेरॉइड मलम लिहून दिलं, तर ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून लोक ते टिकलीएवढं लावतात आणि खाज थांबली की तिसऱ्या दिवशी बंद करतात. खाज थांबणं म्हणजे कातडी भरून येणं नव्हे. सांगितलेले दिवस पूर्ण करा. प्रमाण सोपं आहे: अंगठ्याशेजारच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि एका हाताच्या दोन्ही बाजूंना पुरते.

घरचे उपाय

लिंबू चोळू नका. टूथपेस्टही नको. जंतुनाशक द्रव पाण्यात न मिसळता थेट चिरांवर ओतणं तर मुळीच नको, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. खोबरेल चालतं, पण व्हॅसलीन हातावर जास्त टिकतं आणि त्यात वास नसतो. सुगंधी लोशनं चिरांवर झोंबतात. खरी चूक वेळेची होते: दिवसभर कोरडे हात आणि रात्री एकदाच व्हॅसलीन. हात धुऊन टिपून घेतले, थोडी ओल आहे तोवरच लावायचं, प्रत्येक वेळी. रात्री जाड थर देऊन सुती मोजे घालून झोपलात तर उत्तम.

प्रत्येक खाज इसबाची नसते

बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर बारीक पुरळ, रात्री अंथरुणात खाज वाढते, आणि घरात आणखी कुणीतरी खाजवतंय? ही खरूज असू शकते. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे ज्याला खाज आहे त्यानेच औषध लावणं. परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मानेखाली सर्वांगाला लावायचं असतं आणि साधारण आठवड्याने पुन्हा. चादरी, कपडे गरम पाण्यात. औषधानंतरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, म्हणून घाबरून रोज औषध चोपडू नका.

एकाच तळहाताची सालं निघतात आणि दोन्ही पायांचे तळवेही तसेच आहेत, तर बुरशी बघून घ्या. बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे पाण्याचे खोलवर फोड येतात तो इसबाचाच एक प्रकार. ते सुईने फोडू नका. पू, पिवळी खपली, सूज किंवा ताप असेल तर व्हॅसलीन ठेवा बाजूला आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

इतकं सांभाळूनही हात पुन्हा पुन्हा बिघडत असतील तर स्किनच्या डॉक्टरांना पॅच टेस्टबद्दल, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते शोधणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. पाठीवर वेगवेगळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजवायची नसते, पट्ट्या काढून एकदा बघतात आणि साधारण चौथ्या दिवशी पुन्हा बघतात. त्याआधी पाठीला स्टेरॉइड मलम लावू नका, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. जाताना हाताला रोज लागणाऱ्या वस्तूंची यादी न्या: भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, फरशीचं फिनेल, रबरी मोजे, मेंदी, केसांचा डाय. गवंडीकाम असेल तर सिमेंटही त्यात लिहा.