‘द प्रिन्स’ नव्याने वाचायचा तर

‘साध्य चांगलं असेल तर साधन कसंही चालतं’ हे वाक्य फ्लॉरेन्सचा सोळाव्या शतकातला राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली याच्या नावावर सर्रास खपवलं जातं. सत्ता कशी मिळवावी आणि राखावी यावरच्या त्याच्या ‘द प्रिन्स’मध्ये ते नाही. सुरुवात तिथूनच करा. एकूण २६ प्रकरणं आहेत, त्यातल्या १८व्याचा शेवट काढा. जिथे दाद मागायला न्यायासन नाही, तिथे लोक शेवट काय झाला तेवढंच पाहतात, असं तो म्हणतो. हे लोकांच्या नजरेचं वर्णन झालं. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, राज्यकर्त्याने जिंकावं आणि सत्ता राखावी, साधनं आपोआप मानाची ठरतील. हे वाक्य गाळून त्याला निर्दोष ठरवू नका.

मग ‘विर्तू’ या इटालियन शब्दाकडे वळा. भाषांतरात ‘सद्गुण’ दिसलं की पेन्सिलीने खूण करा, कारण प्रकरण ८ मध्ये तो अर्थ कोसळतो. नागरिकांची कत्तल आणि मित्रांशी दगाबाजी याला विर्तू म्हणता येत नाही, असं सिसिलीतला प्राचीन जुलमी राज्यकर्ता अगाथोक्लीस याच्याबद्दल लिहून लगेच त्याच्याच विर्तूची तो वाखाणणी करतो. ‘कर्तृत्व’ बऱ्याच ठिकाणी चालतं. जिथे अडेल तिथे मूळ शब्दच ठेवा. ‘प्रिन्स’ म्हणजेही इथे राजपुत्र नव्हे, राज्यकर्ता.

शेजारी ‘डिस्कोर्सेस’ या प्रजासत्ताकांवरच्या त्याच्याच पुस्तकाचा पहिला भाग हवाच. प्रकरण ४ मध्ये रोमचं स्वातंत्र्य सामान्य जनता आणि सिनेट यांच्या भांडणातून आलं असं तो मांडतो, तर ५८ मध्ये जनता राजापेक्षा शहाणी ठरते. हे वाचून ‘प्रिन्स’ म्हणजे छुपा उपहास, असं म्हणायचा मोह होतो. अठराव्या शतकातला विचारवंत रूसो यालाही ‘प्रिन्स’ प्रजासत्ताकवाद्यांचं पुस्तक वाटलं. अशा वेळी १० डिसेंबर १५१३ चं त्याने आपला मित्र वेत्तोरी याला लिहिलेलं पत्र वाचा. १५१२ मध्ये मेदिची हे घराणं फ्लॉरेन्समध्ये सत्तेवर परतलं आणि मॅकियाव्हेलीची सरकारी नोकरी गेली, पुढच्या वर्षी कैद आणि दोरीला टांगून छळ. तरी पत्रात तो म्हणतो, मेदिचींनी मला काम द्यावं, सुरुवातीला दगड लोटायचं का असेना. पुस्तक अर्पणही मेदिचींनाच आहे. निव्वळ उपहास कुणी असा भेट म्हणून देत नाही.

शेवटी आपला अर्थ ‘प्रिन्स’च्या प्रकरण ७ वर घासून पाहा. पोपचा मुलगा चेझारे बोर्जा इटलीतल्या रोमान्या प्रांतात कठोर कारभारासाठी रेमिर्रो या अधिकाऱ्याला नेमतो, काम झाल्यावर डिसेंबर १५०२ मध्ये तिथल्या चेझेना शहराच्या चौकात त्याचे दोन तुकडे करून टाकतो. लोक समाधानी झाले आणि सुन्नही, असं मॅकियाव्हेली लिहितो. निषेधाचा एक शब्द नाही. तुमची मांडणी या पानाला वळसा घालून जात असेल, तर ती अजून कच्ची आहे.