सैपाकघराची चिठ्ठी मिस्त्रीला अन् वायरमनला देताना या चुका टाळा

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घर नवीन झालं, अन् पहिल्याच दिवशी सासूबाई ओट्यापाशी कणिक मळायला उभ्या राहिल्या तर कंबरेत वाकूनच. ओटा अडीच फूट सांगितला होता, कागदावर लिहून पण दिला होता, टेप लावून पाहिला तर 26 इंच! मिस्त्रीला काय बोलणार, त्यानं बरोबर अडीच फूटच मोजला होता, पण कच्च्या कोब्यावरून, मग त्याच्यावर माल अन् फरशी मिळून 4 इंच चढले. अडीच फूट कुठून मोजायचे हे मी लिहिलंच नव्हतं.

म्हणून चिठ्ठीत पहिली ओळ हीच पाहिजे : "सगळी मापं तयार फरशीच्या वरून." फरशी व्हायची असेल तर मिस्त्रीकडून लेव्हल ट्यूबनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) फरशीची रेघ भिंतीवर मारून घ्या, चारही भिंतींवर, अन् वायरमनलाही तीच रेघ दाखवा. नाहीतर मिस्त्रीचा ओटा एका हिशेबानं होते अन् बोर्ड दुसऱ्या हिशेबानं, मग अर्धा बोर्ड ग्रॅनाईटच्या मागे दबते.

आणि अडीच फूट हे मापच काहून धरायचं? जी बाई रोज सैपाक करते तिला सपाट जमिनीवर उभं करा, कोपर दुमडायला लावा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा अन् त्यातून 4 ते 6 इंच कमी करा. पाच फुटाच्या आसपास उंचीच्या बाईला साधारण 32-33 इंच येते. माप तिचं घ्या, ठेकेदाराच्या अंदाजाचं नको. वापरणारी ती आहे, पाठ तिची दुखते.

आता लाईटचं. सगळ्यात जास्त गडबड इथंच होते. आपण लिहितो "किचनमध्ये 4 पॉइंट", अन् वायरमन 6 अँपिअरचे चार सॉकेट जिथं सोपं जाईल तिथं देऊन मोकळा. पॉइंट मोजून देऊ नका, वस्तूचं नाव लिहा. मिक्सर इथं, फ्रीज या कोपऱ्यात, आरओ सिंकच्या बाजूला, इंडक्शन इथं, घरगुती चक्की तिथं. 2000 वॅटची इंडक्शन 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर घेते, तिला 6 चं सॉकेट दिलं की ते गरम होऊन काळं पडते. तिथं 16 अँपिअरचं सॉकेट अन् अडीच एमएमची वायर पाहिजे, दीडची वायर दिव्या-पंख्याला ठीक. एक एचपीची चक्की म्हणजे 746 वॅट, ऐकायला कमी वाटते, पण चालू होताना मोटर झटक्यानं लय करंट ओढते, अन् आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की चालतानाही जास्तच ओढते. तिलाही 16 चंच लिहा. सॉकेट आता काळं पडत असेल तर नुसतं सॉकेट बदलून भागत नाही, मागची वायर कोणती आहे ते आधी उघडून पाहायला लावा.

लाईन गेली की काय चालू राहिलं पाहिजे तेही आधीच ठरवा. इन्व्हर्टरवर एक दिवा अन् पंखा पुरे, पण त्याचा न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, वेगळा ओढायला सांगा. न्यूट्रल एकत्र झाला अन् घरात आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारं स्विच) असेल तर ते उगाच ट्रिप होत राहते, मग लोक कंटाळून आरसीसीबीच काढून टाकतात. हे बिलकुल करू नका. ओल्या हातानं मिक्सर लावणारं घर आपलं, 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी अन् हिरवी अर्थिंगची तार प्रत्येक सॉकेटला, हे चिठ्ठीत ठळक लिहा. अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडा पडते, त्यात पाणी टाकत जा.

शेगडीच्या वर बोर्ड नको, शेगडी खिडकीसमोर नको, वाऱ्यानं जाळ विझते. सिलिंडर शेगडीपेक्षा खाली अन् उभं. गॅसची नळी दीड मीटरपर्यंतच, तिला जोड द्यायचा नाही, म्हणून सिलिंडरची जागा शेगडीसोबतच ठरवा.

घरकुलाचं घर असेल तर सगळं मिळून 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट धरलेलं असते, तिथं तर माठाची जागाही इंचानं मोजून लिहा बाप्पा, नाहीतर माठ अन् फ्रीज एकाच कोपऱ्यासाठी भांडतात.

सिंक आणि एक्झॉस्ट फॅन आधी विकत आणून मिस्त्रीच्या हाती द्या, नुसता आकडा सांगू नका. मग तो त्यावरूनच ग्रॅनाईट कापते अन् भोक ठेवते. ओट्याला सिंककडे हलका ढाळ, अन् पुढच्या काठाखाली बारीक खाच, म्हणजे पाणी खाली ट्रॉलीत उतरत नाही. प्लास्टरच्या आधी भिंतीवर टेप धरून पाइपांचे फोटो काढून ठेवा, पुढं खिळा ठोकताना कामी येतात.

आमचा ओटा शेवटी उचलला. ग्रॅनाईट काढून खाली विटांचे दोन थर चढवले, 26 चे 33 इंच झाले. पण काढताना सिंकच्या कोपऱ्यापाशी ग्रॅनाईट तडकला, कारण सिंक न काढताच चौघांनी एका बाजूनं उचलला. तुम्हाला करावं लागलंच तर आधी सिंकखालच्या नळीचा जोड अन् सिंक सोडवा, काठाला चिकटवलेलं सिलिकॉन ब्लेडनं कापा, अन् कापलेल्या भागाखाली फळी धरूनच उचला.