सॅव्हानाला जाताना बसायची तयारी ठेवा

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, की अटलांटातल्या आपल्या घरांत तिसऱ्या आठवड्याला तोच प्रश्न निघतो: आता यांना कुठे न्यायचं? अ‍ॅक्वेरियम झालं, कोका-कोलाचं झालं, स्टोन माउंटन झालं, मंदिर तर चारदा झालं. मग कोणीतरी सॅव्हाना म्हणतं, जॉर्जियाच्याच किनाऱ्याजवळचं जुनं शहर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका दिवसात बारा ठिकाणांची यादी करून गेलो होतो. दुपारी दोनला बाबा तिसऱ्या स्क्वेअरच्या बागेतल्या बाकावर जे बसले ते उठेनात. "तुम्ही या जाऊन, मी इथं बरा आहे," म्हणाले. तासाभराने आम्ही घामाघूम होऊन परत आलो, तर ते शेजारच्या आजोबांशी कबुतरांवर बोलत होते. सहलीतला सगळ्यात छान तास त्यांचा गेला होता. पुढच्या खेपेला यादी बदलली, ती ही.

आधी तारीख. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून एप्रिलपर्यंत अझेलिया फुलतात, हवा सोसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरही उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तेहतीसच्या आसपास आणि वर दमट, म्हणजे मे महिन्यातली मुंबईच. त्यासाठी चार तास गाडी चालवायचं कारण नाही. जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम असतो, म्हणून हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. आणि १७ मार्च टाळा. सेंट पॅट्रिक्स डेची तिथली मिरवणूक देशातल्या मोठ्यांपैकी एक आहे, सगळं शहर हिरवं होऊन नाचतं. तुम्हाला एकट्याला जायचं असेल तर खुशाल जा. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या माणसाला घेऊन नको. हॉटेल जुन्या भागातच घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी. दुपारी खोलीवर येऊन तासभर आडवं होता आलं पाहिजे, आणि शहराबाहेरच्या स्वस्त हॉटेलातून ते होत नाही.

अटलांटाहून अंतर अडीचशे मैल, चार तास. मेकनपर्यंत आय-७५, तिथून आय-१६. मेकन सोडलं की दोन्ही बाजूंना पाइन, मग आणखी पाइन, आणि मधे धड काही नाही. म्हणून मेकनलाच गॅस भरायचा आणि गरज असो-नसो, सगळ्यांनी बाथरूमला जाऊन यायचं. डब्यात थेपले किंवा दशम्या, लोणचं, केळी. रक्तदाबाच्या गोळ्या सूटकेसमध्ये नाही, आईच्या पर्समध्ये.

आता पायांचं. नवे बूट नकोत, रुळलेले हवेत, आणि तळ जाड हवा. नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटवर आणि तिथे उतरणाऱ्या रस्त्यांवर गोटे बसवलेले आहेत. पूर्वी रिकामी जहाजं तोल राहावा म्हणून पोटात दगड भरून यायची, ते इथे उतरवून कापूस भरून न्यायची. त्याच दगडांचे हे रस्ते. दिसायला सुंदर, चालायला वैरी. बे स्ट्रीटवरून खाली जाणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या तर इतक्या उभ्या आणि वेड्यावाकड्या, की आपापल्या जबाबदारीवर उतरा अशा पाट्याच लावल्यात. ज्येष्ठांना गाडीने खाली सोडा. साडी नेसणार असतील तर त्या दिवशी नको.

बॅगेत डासांचं औषध वरच ठेवा. डास एकवेळ परवडले, पण वसंतात आणि पानगळीच्या दिवसांत सँड नॅट नावाची चिलटं असतात, दिसतही नाहीत आणि चावतात मात्र सणसणीत. गावाला त्यांचं इतकं कौतुक, की २०१५ पर्यंत तिथल्या बेसबॉल संघाचं नावच सँड नॅट्स होतं. दुसरी गोष्ट ओकच्या झाडांवरून लोंबणाऱ्या करड्या जटांची. त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात. ते स्पॅनिश नाही आणि शेवाळही नाही, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. झाडाचा नुसता आधार घेते, त्याचा रस पीत नाही. फोटो हवे तेवढे काढा, पण खाली पडलेलं उचलून पिशवीत घालू नका. त्यात बारीक लाल किडे असतात, आणि हॉटेलात पोचल्यावर घोट्यापासून वर खाज सुटते. आमच्याकडे हे एकाने करून पाहिलेलं आहे.

पहिल्या दिवसाचं काम एकच: बुल स्ट्रीट. सिटी हॉलपासून फोर्साइथ पार्कपर्यंत जेमतेम एक मैल, आणि वाटेत पाच स्क्वेअर. स्क्वेअर म्हणजे आपला रहदारीचा चौक नव्हे. मधे बाग, बाक, दाट सावली, आणि गाड्या भोवतीने हळू वळसा घालून जातात. गावातला पार समजा, वडाच्या जागी ओक. जेम्स ओगलथॉर्पने १७३३ मध्ये इंग्रजांची वसाहत आखली तीच अशी, ठरावीक अंतराने मोकळी जागा सोडून. पुढे हे स्क्वेअर २४ झाले, आज २२ आहेत. त्यातला एलिस स्क्वेअर १९५४ मध्ये बाजार पाडून पार्किंगच्या इमारतीखाली घातला होता. त्या रागातून सात बायकांनी १९५५ मध्ये संस्था काढली आणि पुढचं डेव्हनपोर्ट हाउस पाडण्याआधी विकत घेऊन वाचवलं. एलिस स्क्वेअर २०१० मध्ये परत मोकळा झाला. गाड्या आता त्याच्या पोटात, जमिनीखाली लावतात, आणि वर स्वच्छ सार्वजनिक बाथरूम आहे. ही जागा नकाशावर खूण करून ठेवा, गाडीसाठीही आणि बाबांसाठीही.

प्रत्येक स्क्वेअरमध्ये दहा मिनिटं धरा. राइट स्क्वेअरमध्ये मधोमध उंच स्मारक दिसेल ते रेल्वेवाल्या गॉर्डनचं. ज्या टोमोचिचीने ओगलथॉर्पला इथे वसू दिलं, तो यामाक्रॉ लोकांचा प्रमुख त्याच स्क्वेअरमध्ये पुरलेला आहे, आणि त्याच्या नावाची शिळा कोपऱ्यात आहे. ती मुद्दाम शोधा. चिपेवा स्क्वेअरमध्ये ओगलथॉर्पचा पुतळा दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे, कारण तेव्हा शत्रू म्हणजे फ्लोरिडातले स्पॅनिश. 'फॉरेस्ट गंप' सिनेमात टॉम हँक्स बसला होता तो बाक तिथे शोधू नका. तो चित्रीकरणापुरता ठेवला होता, आता संग्रहालयात आहे. मॅडिसन स्क्वेअरला ग्रीन-मेल्ड्रिम हाउस: यादवी युद्धात, डिसेंबर १८६४ मध्ये, उत्तरेच्या सैन्याचा जनरल शर्मन शहर घेऊन इथे उतरला आणि त्याने लिंकनला तार केली, की नाताळची भेट म्हणून सॅव्हाना शहर देतो, सोबत दीडशे तोफा आणि कापसाच्या सुमारे २५,००० गासड्या. शेवटी फोर्साइथ पार्कचं पांढरं कारंजं, १८५८ चं. शनिवारी सकाळी तिथे शेतकरी बाजार भरतो. पाय बोलायला लागले तर डॉट नावाची बस आहे, फुकट.

दुसऱ्या दिवशीची एक गोष्ट घरूनच बुक करा: ओवेन्स-थॉमस हाउस. इथे वेळ ठरवून गटाने आत सोडतात. नुसता वाडा म्हणून बघितला तर १८१९ चा, आत जिन्यावरून पूल आणि त्या काळात घरात नळ. पण सुरुवात होते मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्यांपासून. वर बघायला सांगा. छताला फिका निळा रंग आहे, जागोजाग पोपडे निघालेला. भुतंखेतं दूर राहावीत म्हणून तो लावत. आईने ते ऐकून "आपल्याकडे दारावर लिंबू-मिरची, तसं," म्हटलं, आणि नंतर पुढच्या दिवाणखान्यात झुंबर दाखवलं तेव्हा ती काही बोलली नाही. गंमत अशी, की ही वसाहत स्थापन झाली तेव्हा जॉर्जियात गुलामगिरीला बंदी होती. १७५१ मध्ये ती बंदी उठली. १८५९ च्या मार्चमध्ये याच गावाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसं विकली गेली. सुंदर घरांच्या रांगा बघताना हे माहीत असलेलं बरं. फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्चही शक्यतो त्याच दिवशी करा. तळघराच्या जमिनीत नक्षीसारखी भोकं आहेत. खाली लपलेल्या, पळून आलेल्या गुलामांना श्वास घेता यावा म्हणून ती पाडली, असं तिथे सांगतात.

जेवणाचं शाकाहाऱ्यांनी नीट ऐका. या भागात भाजी म्हटलं म्हणून ती शाकाहारी नसते. कोलार्डची पालेभाजी डुकराच्या हाडासोबत शिजवतात, शेंगांत बेकन असतो, लाल भातातही बहुधा असतो. "मांस नाही ना?" इतकं पुरत नाही, "शिजवताना घातलंय का?" असं विचारा. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांचा मऊ सांजा. कोळंबीशिवाय, लोणी घालून मागा, सोबत घरचं लोणचं. मासे खाणाऱ्यांना चिंता नाही. लिओपोल्ड्सचं आइस्क्रीम १९१९ पासूनचं, रांग मोठी. एकाने उभं राहायचं, बाकीच्यांनी जवळ सावली शोधायची. रिव्हर स्ट्रीटच्या दुकानांत पेकन घातलेल्या प्रलीनचा गरम तुकडा चाखायला देतात, आपल्या बर्फीच्या जवळचा. एवढ्यावर न थांबता डबाच घेतला जातो, तेवढे पैसे धरून ठेवा.

रिव्हर स्ट्रीटला संध्याकाळी जा. बाबांसाठी तिथे खरा कार्यक्रम जहाजांचा. देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक इथून थोडं वर आहे, त्यामुळे पाच-सात मजली ढीग रचलेलं जहाज अगदी समोरून, रस्त्याच्या रुंदीइतक्या अंतरावरून सरकल्यासारखं वाटतं. पलीकडच्या काठाला जाणारी छोटी फेरी फुकट आहे. दोनदा जाऊन या, कोणी विचारत नाही.

तिसरा दिवस असेल तर टायबी बेट. वाटेत फोर्ट पुलास्की. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर बरोबर घ्या, इथे चालतो. एप्रिल १८६२ मध्ये, त्याच यादवी युद्धात, उत्तरेच्या नव्या रायफल तोफांनी त्याची जाड विटांची भिंत तीस तासांत फोडली, खड्डे अजून दिसतात. टायबीच्या दीपगृहाला १७८ पायऱ्या आहेत आणि मंगळवारी बंद असतं. निघण्याआधी भरतीची वेळ बघा, मोठ्या भरतीला बेटाच्या एकमेव रस्त्यावर पाणी येतं.

परतीच्या दिवशी मात्र बोनाव्हेंचर. दफनभूमीत आई-बाबांना न्यायचं का, यावर आमच्याकडे फोनवर अर्धा तास चर्चा झाली. नेलं. विल्मिंग्टन नदीच्या उंच काठावर, जटा सोडलेल्या ओकांच्या खाली, गाडी आतपर्यंत जाते. तिथे कवी कॉनराड एकनची कबर म्हणजे एक दगडी बाक आहे. येणाऱ्याने बसावं, नदी बघत घोट घ्यावा, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. बाबा लांबच उभे राहिले, कबरीवर कसं बसायचं म्हणून. आईने बूट काढले, बाकाला हात लावून नमस्कार केला आणि बसली. "त्यानंच बसा म्हटलंय ना," म्हणाली, आणि पर्समधून थर्मास काढला. दुधाचा चहा होता, हॉटेलातून भरून घेतलेला. बाबाही मग बसले.

थर्मास विसरू नका. फाटक पाचला बंद होतं.