अन्ननलिकेचं रेडिएशन: नव्या रेसिडेंटनी तंत्रांची तुलना कशी करावी

अन्ननलिकेच्या कॅन्सरवर थ्रीडी (ठरावीक कोनांतून दिलेले बीम) असो, व्हीमॅट (रुग्णाभोवती फिरत दिलेला बीम) असो की प्रोटॉन (भारित कणांचा बीम), गाठीला जाणारा डोस साधारण तोच असतो. शस्त्रक्रियेआधी 23 फ्रॅक्शनमध्ये (हप्त्यांत) 41.4 ग्रे (रेडिएशन डोसचं एकक), शस्त्रक्रिया होणार नसेल तर 28 फ्रॅक्शनमध्ये 50.4 ग्रे, सोबत केमो. 64.8 ग्रेपर्यंत चढवून पाहिलं गेलंय, फायदा झाला नाही. त्यामुळे तुलना करताना उरलेला डोस कुठे सांडतोय ते बघा.

थ्रीडीत समोरून-मागून बीम दिले की फुप्फुसं बऱ्यापैकी वाचतात, पण हृदय आणि मज्जारज्जू थेट वाटेत येतात. मज्जारज्जूची मर्यादा साधारण 45 ग्रे. ती गाठण्याआधीच तिरके बीम घ्यावे लागतात आणि तो डोस मग फुप्फुसांतून जातो.

आयएमआरटी (बीमची तीव्रता जागोजागी बदलणारं तंत्र) आणि व्हीमॅटमध्ये हृदय, मज्जारज्जू दोन्ही बरेच सुटतात, पण कमी डोस फुप्फुसांत दूरवर पसरतो. नवखी मंडळी व्ही20, म्हणजे 20 ग्रे किंवा जास्त मिळालेला फुप्फुसाचा टक्का, 30च्या खाली दिसला की प्लॅन पास करून मोकळी होतात. व्ही5, म्हणजे 5 ग्रे किंवा जास्त मिळालेला टक्का, कुणी उघडूनही बघत नाही. पूर्ण आर्क, म्हणजे रुग्णाभोवती पूर्ण फेरी, दिला की तो हमखास चढतो. बाजूचे कोन वगळा, उतरेल. पुढे छाती उघडायची असेल तर हे टाळू नकाच.

प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतो, म्हणून पाठीकडून दिला की हृदयात फारसा शिरत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रँडमाइज्ड चाचणीत आयएमआरटीपेक्षा दुष्परिणामांचा एकूण भार कमी दिसला. जगण्याच्या काळात मात्र फरक नव्हता. अडचण डायाफ्रामची, तो श्वासासोबत हलतो. बीमच्या वाटेत फुप्फुसाच्या जागी यकृत सरकलं की बीम अलीकडेच थांबतो आणि गाठीचा खालचा भाग उपाशी राहतो. फोरडी सीटीशिवाय (श्वासासोबतची हालचाल टिपणारा सीटी) इथे हात घालू नये.

ब्रेकीथेरपीचं (किरणोत्सारी सोर्स अन्ननलिकेच्या आत नेऊन दिलेलं रेडिएशन) मुख्य काम वेगळं: पुढच्या टप्प्यातल्या रुग्णाचं गिळणं सुधारणं. सोर्सपासून 1 सेंमीवर 12 ग्रे, एकाच वेळी. स्टेंटने (अन्ननलिका उघडी ठेवणारी जाळीची नळी) आराम लवकर पडतो, ब्रेकीने जास्त टिकतो. अ‍ॅप्लिकेटर (सोर्स आत नेणारी नळी) साधारण 10 मिमी जाडीचा घ्या. बारीक घेतला तर आतल्या अस्तराला नको तेवढा डोस बसतो. श्वासनलिकेत फिस्टुला (आरपार भोक) असेल तर ब्रेकी नाही.

काँटूर, म्हणजे सीटीवर आखलेली हद्द, चुकला तर कुठलंच तंत्र वाचवत नाही. हा कॅन्सर अस्तराखालच्या लसवाहिन्यांतून उभा पसरतो, म्हणून सीटीव्ही (न दिसणारा फैलावही धरून आखलेला भाग) गाठीच्या वर-खाली 3 ते 4 सेंमी, बाजूंना 1 सेंमी. खालच्या टोकाची गाठ असेल तर प्लॅनिंग सीटीआधी 2-3 तास पोट रिकामं, आणि पुढे रोज तसंच. कोनबीममध्ये (उपचाराआधी मशीनवरच घेतलेला सीटी) मणके जुळले म्हणून बटण दाबू नका, जठर किती फुगलंय तेही बघा. गिळता न आल्याने वजन झपाट्याने घटलं तर सीटी पुन्हा करून प्लॅन त्यावर तपासा. फोटॉनमध्ये (थ्रीडी, आयएमआरटी, व्हीमॅटमधले क्ष-किरण) थोडा फरक खपून जातो, प्रोटॉनमध्ये खपत नाही.