इंग्रजीचे शब्द पाठ आहेत, पण वाक्यात बसत नाहीत? या चुका टाळा

दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी पोरांना इंग्रजी शिकवतो. परवा एकाची वही हातात आली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. रोजचे वीस शब्द, एका दिवसाचाही खाडा नाही. मी म्हटलं, "एक्झॅसरबेट वापरून वाक्य लिही." त्यानं लिहिलं, 'गुड रेन एक्झॅसरबेटेड अवर कॉटन यील्ड.'

वहीत अर्थ होता 'वाढवणे'. चांगल्या पावसानं कापूस वाढला, म्हणजे वाक्य बरोबरच, असं त्याला वाटलं. पण आधीच वाईट असलेली गोष्ट आणखी बिघडते तेव्हाच हा शब्द येतो. दुखणं, भांडण, टंचाई. 'द ड्राय स्पेल एक्झॅसरबेटेड द वॉटर शॉर्टेज' हे बरोबर. उजव्या रकान्यात 'चिघळवणे' लिहिलं असतं तर चूक झालीच नसती. अ‍ॅपनं दाखवलेला पहिला अर्थ उतरवू नका. नेमका मराठी शब्द सापडेपर्यंत थांबा.

त्याहून मोठी चूक म्हणजे शब्द एकटा पाठ करणं. आपण कापूस वेचतो, सोयाबीन सोंगतो, भुईमूग उपटतो. 'कापूस सोंगला' असं कोणी म्हटलं तर अख्खं वावर हसेल. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, शब्द जोडीनंच कानावर पडले. इंग्रजीतही तशाच जोड्या आहेत. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग' असतो. 'स्ट्राँग रेन' सहसा कोणी म्हणत नाही. धोका कमी करायचा तर 'मिटिगेट द रिस्क', वेदना कमी करायच्या तर 'अ‍ॅलिव्हिएट द पेन'. मराठीत दोन्हीला 'कमी करणे', म्हणून पोरं कुठलाही कुठंही लावतात. वहीत 'मिटिगेट' एकटा नको, 'मिटिगेट द रिस्क' असा जोडीनं लिहा. वीसऐवजी पाचच शब्द होतील, होऊ द्या.

'प्लेथोरा'चंही तसंच. 'पुष्कळ' एवढाच अर्थ पाठ असतो. मूळ ग्रीक शब्द वैद्यकात शरीरात रक्त वा द्रव जास्त झाल्याच्या अवस्थेला वापरत. ती 'गरजेपेक्षा जास्त'ची छटा अजून आहे, म्हणून 'पुष्कळ'च्या प्रत्येक जागी तो घालू नका.

शब्दाचं रूप चुकतं तेही पाहा. 'वॉटर इज स्केअर्सिटी' हे मी दर आठवड्याला तपासतो. 'वॉटर इज स्केअर्स' किंवा 'देअर इज अ स्केअर्सिटी ऑफ वॉटर', दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी लिहून ठेवा. मराठीत आपण विषया'वर' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'पुढे 'ऑन' किंवा 'अबाउट' आपोआप येतं. तिथं काहीच लागत नाही: 'वी डिस्कस्ड द क्रॉप लोन.'

उच्चारासाठी शब्द ऐकाच. कर्जाचा 'डेट' असतो, 'डेब्ट' नाही. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दात लॅटिन मुळाची आठवण म्हणून विद्वानांनी 'बी' नंतर घुसवला. बोलण्यात तो कधी आलाच नाही. दुष्काळ 'ड्राउट', 'ड्रॉट' नाही.

पाठ केलेलं आठवड्यात विसरतं, म्हणून पोरं स्वतःला ढ समजतात. लेकरांनो, तसं नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की उजळणी नसेल तर पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच झपाट्यानं निसटतं. चपलांच्या रिकाम्या खोक्यात तीन कप्पे करा. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. जर्मन विज्ञान-पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी 1972 मध्ये मांडलेल्या पद्धतीचंच हे सोपं रूप.

स्पर्धा परीक्षेवाल्यांना एक कळकळीनं सांगतो. यूपीएससीचा सक्तीचा इंग्रजी पेपर 300 गुणांचा, पात्रतेपुरता. 25 टक्के लागतात. तिथं जड शब्दांची रास नको, साधं शुद्ध वाक्य हवं. निबंधात नवा शब्द तेव्हाच घाला, जेव्हा त्याची जोडी तुम्हाला ठाऊक आहे.

त्या पोरानं आता रेघ मारणं सोडलंय. कालच्या पानावर एकच शब्द होता, 'रिलक्टंट', आणि खाली घरचं वाक्य: 'माय फादर इज रिलक्टंट टू सेल द बुलक्स.' बैलजोडी विकायला बाप तयार नाही. मी लाल पेन उघडलाच नाही.