मिथेनची रचना काढताना या चुका टाळा

नागपुरातल्या सीताबर्डीच्या कुठल्याही क्लासमध्ये अकरावीच्या पोट्ट्याला मिथेन काढायला सांगा. मध्ये कार्बन, वर-खाली-डावीकडे-उजवीकडे हायड्रोजन, झालं! बंध मोजायला हे चित्र चालतं. आकार विचारला की ते साफ चुकतं, कारण त्यात कोन ९० अंशांचे दिसतात.

रेणू खरंच असा सपाट असता, तर दोन हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवल्यावर दोन वेगळे पदार्थ मिळायला हवे होते: एकात क्लोरीन शेजारी-शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच आहे. कारण मिथेनचा खरा आकार चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचा: मध्ये कार्बन, चार कोपऱ्यांवर हायड्रोजन. चतुष्फलकाचे कुठलेही दोन कोपरे शेजारीच असतात, तिथे 'समोरासमोर' हा प्रकारच नाही. व्हान्ट हॉफ आणि ले बेल यांनी १८७४ मध्ये, स्वतंत्रपणे, कार्बनचे चार बंध असे अवकाशात मांडले. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधसुद्धा लागला नव्हता.

पटत नसेल तर भिजवलेल्या हरभऱ्यात चार टूथपिक खोचा. तीन काड्यांवर उभं केलं की चौथी सरळ वर जायला हवी. मग उलटवून पाळीपाळीने प्रत्येक काडी वर आणून बघा. एखादी कलली, तर कोन सारखे नाहीत. काढा आणि परत खोचा. नेमका कोन १०९.५ अंश, पुस्तकात १०९ अंश २८ मिनिटं असतो, तोही हाच. कार्बन-हायड्रोजन बंधाची लांबी १०९ पिकोमीटर असल्यामुळे घाईत एककांची अदलाबदल होते, तेवढं सांभाळा. १०७ अंश अमोनियाचे आणि १०४.५ पाण्याचे, तिथे एकाकी जोड्या (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) आहेत, मिथेनमध्ये एकही नाही.

वहीत पाचर काढताना (भरीव पाचर म्हणजे कागदाबाहेर आपल्याकडे येणारा बंध, तुटक म्हणजे मागे जाणारा) दोन साध्या रेषा एका सरळ रेषेत ओढू नका. त्या एका बाजूला, आणि भरीव व तुटक पाचर दोन्ही दुसऱ्या बाजूला.

आता संकरण, म्हणजे कार्बनच्या एका एस आणि तीन पी कक्षकांची (इलेक्ट्रॉन असण्याच्या जागांची) सरमिसळ. 'आधी इलेक्ट्रॉन २एसमधून २पीमध्ये उडी मारतो, मग एसपी३ कक्षक तयार होतात, मग हायड्रोजन येतात' असं घटनाक्रमासारखं लिहिलेलं असतं. असं काही टप्प्याटप्प्याने घडत नाही; आकार समजावण्याची ही एक मांडणी आहे. उडीला लागणारी ऊर्जा दोन जादा बंधांतून भरून निघते, हे वाक्य मात्र लिहा, बरेच जण तेच विसरतात. आणि चारही बंध सहसंयुज आहेत, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेतलेले. कार्बनवर उणे चार नि हायड्रोजनवर अधिक एक लिहून आयनिक बंध दाखवू नका.

कार्बनची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची ताकद) २.५५, हायड्रोजनची २.२०. फरक पाहून काहीजण रेणू ध्रुवीय, म्हणजे एका बाजूला किंचित धन नि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण, ठरवून मोकळे होतात. सममितीमुळे चारही बंधांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात, बेरीज शून्य.

मिथेन उणे १६१.५ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून त्याचे बंध कमकुवत, हा निष्कर्षही चुकीचा. उकळताना रेणू फक्त एकमेकांपासून सुटतात. रेणूतला बंध तोडायला सरासरी मोलमागे सुमारे ४१५ किलोजूल लागतात. त्यासाठी काडी पेटवावी लागते, नागपूरचा मे महिना पुरत नाही.

गुणधर्मांत 'वास' लिहू नका. मिथेनला वास नसतो. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त रसायनाचा, आणि त्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन-ब्युटेन असतात. मिथेनचं उदाहरण हवंच असेल तर गोबरगॅस द्या.